मधला बॉक्स बंद पडला तरी लाइन चालू ठेवायची तर

मकरपुरा जीआयडीसीतला कारखाना घ्या, अलकापुरीतलं इस्पितळ घ्या किंवा दांडिया बाजारातलं चार खोल्यांचं ऑफिस घ्या, बडोद्यात नेटवर्कची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. एका बाजूला इंटरनेट कंपनीचा राउटर, दुसऱ्या बाजूला आपला मुख्य स्विच आणि मध्ये एक बॉक्स. तो फायरवॉल असेल, घुसखोरी अडवणारं आयपीएस असेल किंवा बँडविड्थ वाटून देणारं यंत्र. सगळं ट्रॅफिक त्याच्या एका पोर्टातून शिरतं आणि दुसऱ्यातून बाहेर पडतं. त्यामुळे बॉक्स मेला की राउटर आणि स्विच धडधाकट असूनही लाइन मरते.

यावरचा उपाय म्हणजे बायपास. बॉक्स बंद पडताच त्याचे दोन पोर्ट आतल्या आत एकमेकांना जोडले जातात आणि ट्रॅफिक सरळ पलीकडे जातं. तांब्याच्या केबलसाठी हे काम रिले (विजेवर पलटणारी कळ) करतो, फायबरसाठी ऑप्टिकल स्विच. कार्ड बसवलं, बिल चुकवलं, की काम झालं असं समजतात आणि नेमक्या वेळी बायपास लागूनही लाइन येत नाही. कारण बहुधा एकच असतं. बायपास लागल्यावर राउटर आणि स्विच एकमेकांचे थेट शेजारी होतात आणि या दोघांचं थेट जमतं का, हे कुणी आधी पाहिलेलंच नसतं. खाली जे सांगितलं आहे ते जवळजवळ सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी ठरवा: इथे बायपास चालतो का, आणि हवा का

बायपास फक्त पारदर्शक, म्हणजे ब्रिज मोडमध्ये असलेल्या बॉक्सलाच लागू पडतो. बॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकच सबनेट (पत्त्यांचा एकच गट) असेल, आणि संगणकांचा गेटवे (बाहेर जाण्याचा दरवाजा) बॉक्सवर नसून पलीकडच्या राउटरवर असेल, तरच तो मधून काढला तरी पत्ते जुळतात. फायरवॉलच गेटवे असेल, नॅट करत असेल (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलत असेल), पीपीपीओई डायल करत (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करत) असेल किंवा डीएचसीपीने पत्ते वाटत असेल, तर बायपासने लाइन चालू होणार नाहीच, उलट आतलं नेटवर्क गाळणीशिवाय बाहेरच्या तारेला जोडलं जाईल. अशा ठिकाणी कार्डावरचा बायपास आवर्जून बंद करून ठेवा. तिथे दुसरा फायरवॉल जोडीला ठेवणं हाच रस्ता. त्याबद्दल पुढे येईल.

ब्रिज मोड असला तरी दुसरा प्रश्न उरतो. बॉक्स पडल्यावर ट्रॅफिक तपासणीशिवाय जाऊ द्यायचं की थांबवायचं? हे आयटीवाल्याने एकट्याने ठरवू नये. कारखान्याच्या शेडमधल्या पीएलसी (यंत्रं चालवणारा नियंत्रक) आणि ऑपरेटर स्क्रीनमधला दुवा तुटला तर उत्पादन थांबतं, म्हणून तिथे ‘उघडं पडणं’ बहुधा योग्य. बँकेचे पेमेंट होतात तो संगणक, रुग्णांच्या नोंदींचा सर्व्हर आणि बाहेरून पोहोचता येणारं वेब ॲप्लिकेशन यांच्यापुढचा बॉक्स पडला तर ‘बंद पडणं’, म्हणजे ट्रॅफिक थांबणं, बरं. दोघांसाठी एकच बॉक्स वापरत असाल तर त्यांचे दुवे वेगळ्या पोर्टजोड्यांवर घ्या आणि प्रत्येक जोडीचं धोरण वेगळं लावा. निर्णय मालकाकडून किंवा व्यवस्थापकाकडून लेखी घ्या.

शेजाऱ्यांची चाचणी

काहीही विकत घेण्याआधी ही चाचणी करा. लागतं काय? कॅट-६ दर्जाचा एक आरजे-४५ जॉइनर, एक लॅपटॉप आणि अर्ध्या तासाची मोकळीक. साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडा. जॉइनर सयाजीगंजच्या कुठल्याही नेटवर्किंगच्या दुकानात मिळेल, पण दर्जा विचारून घ्या. टेलिफोनसाठीचा स्वस्त जॉइनर गिगाबिटवर चुका पाडतो आणि मग दोष भलतीकडेच शोधला जातो.

१. राउटर आणि स्विच या दोघांच्या संबंधित पोर्टांची सद्यस्थिती लिहून घ्या: स्पीड, डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना की आळीपाळीने), व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे केलेले गट), चुकांचे आकडे. स्पीड ‘ऑटो’ आहे की हाताने बांधलेला, हेही लिहा.

२. लॅपटॉप स्विचच्या बाजूला लावा आणि राउटरच्या पत्त्यावर दर ०.२ सेकंदाला एक पिंग (उत्तर मागणारं छोटं पॅकेट) सुरू करा. हरवलेल्या पिंगांना ०.२ ने गुणलं की लाइन किती सेकंद गेली होती ते कळतं.

३. बॉक्सच्या दोन्ही पोर्टांतल्या केबली काढा आणि जॉइनरने एकमेकींना जोडा. बॉक्स चालूच राहू द्या.

४. दोन्हीकडच्या पोर्टांचा दिवा कधी लागतो आणि पिंग कधी परततो, या दोन वेळा वेगवेगळ्या नोंदवा. कारण या दोहोंमधल्या फरकातच सगळी माहिती आहे.

५. दहा मिनिटं मोठी फाइल कॉपी करत ठेवा आणि पोर्टांवरचे सीआरसी चुकांचे (वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचे) आकडे पुन्हा वाचा. आकडा वाढला असेल तर केबल, जॉइनर किंवा अंतर यांत दोष आहे.

दिवा लागलाच नाही, तर प्रश्न तारेचा किंवा स्पीडच्या सेटिंगचा. दिवा तीन सेकंदांत लागला पण पिंग पस्तिसाव्या सेकंदाला आला, तर प्रश्न स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे लूप टाळण्यासाठी पोर्ट उघडण्याआधी थांबणाऱ्या स्विचमधल्या यंत्रणेचा. दिवा आहे, पिंग मुळीच नाही, तर व्हीलॅन किंवा पत्त्यांचा. दिवा लागून लगेच पोर्टच बंद झाला, तर कारण जवळजवळ नक्की बीपीडीयू गार्ड, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा संदेश (बीपीडीयू) येताच पोर्ट बंद करणारं सेटिंग.

तांब्याच्या केबलवर काय बिघडतं

पहिली गोष्ट अंतराची. गिगाबिट इथरनेटला टोकापासून टोकापर्यंत १०० मीटरची मर्यादा आहे. बॉक्स चालू असताना तो मध्ये सिग्नल नव्याने पाठवतो, म्हणून राउटरपासून बॉक्सपर्यंतचे ४० आणि बॉक्सपासून शेडमधल्या स्विचपर्यंतचे ७० मीटर वेगवेगळे मोजले जातात आणि दोन्ही चालतात. बायपास लागला की तेच ११० होतात. रिलेच्या जोडण्यांतही थोडा सिग्नल खर्च होतो, म्हणून दोन्ही तुकडे मिळून ८०–८५ मीटरच्या आत ठेवा. बॉक्स सर्व्हर रूममध्ये आणि स्विच दूरच्या शेडमध्ये, अशा कारखान्यांत हा घोटाळा हमखास सापडतो.

दुसरी गोष्ट बांधलेल्या स्पीडची. १०००बेस-टीमध्ये (तांब्यावरच्या गिगाबिटमध्ये) ऑटो-निगोशिएशन, म्हणजे दोन्ही टोकांनी स्पीड आपसात ठरवणं, मानकानेच आवश्यक ठरवलं आहे, तेव्हा गिगाबिटवर स्पीड हाताने बांधायचं कारणच नाही. तरीही जुन्या सवयीने एका बाजूला ‘१०० फुल’ आणि दुसरीकडे ‘ऑटो’ ठेवलेलं आढळतं. ऑटोवाली बाजू मग हाफ डुप्लेक्सवर जाते. दिवा लागतो, पिंगही येतो, पण लोड वाढताच लाइन रांगू लागते. दोन्ही बाजू बांधलेल्या असल्या तर वेगळीच अडचण: बऱ्याच उपकरणांत स्पीड बांधला की तारांची अदलाबदल आपोआप ओळखणारं ऑटो-एमडीआयएक्सही बंद होतं. मध्ये बॉक्स होता तोवर दोन सरळ केबली चालत होत्या. बॉक्स गेल्यावर स्विच ते स्विच अशा जोडीला क्रॉस केबल लागते आणि दिवा लागत नाही. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवलीत की या दोन्ही अडचणी मिटतात.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. माहितीपत्रकात लिहिलेले बायपासचे काही मिलिसेकंद फक्त रिले पलटण्याचे असतात. त्यानंतर दोन्ही शेजारी नव्याने लिंक जुळवतात, त्याला गिगाबिट तांब्यावर साधारण २ ते ४ सेकंद जातात. मग स्विचचा स्पॅनिंग ट्री जागा होतो: जुन्या ८०२.१डीमध्ये ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५, असे ३० सेकंद. आमच्याकडे रॅपिड स्पॅनिंग ट्री आहे, असं म्हणून इथे सुटका होत नाही. पलीकडे स्विच नसून राउटर असेल तर बीपीडीयूचं उत्तर येत नाही, आणि अनेक स्विचांत रॅपिडसुद्धा त्याच ३० सेकंदांच्या घड्याळावर जातो. उपाय सोपा आहे. राउटरकडे जाणारा पोर्ट ‘एज’ (पलीकडे स्विच नसलेला) म्हणून घोषित करा. काही कंपन्यांच्या स्विचवर याचं नाव पोर्टफास्ट आहे. पस्तीस सेकंदांची खोट मग तीन-चार सेकंदांवर येते. टॅलीचं रिमोट सत्र बहुधा तेवढं सहन करतं, पस्तीस करत नाही.

मात्र पलीकडे दुसरा स्विच असेल तर एज लावू नका, आणि बीपीडीयू गार्ड तर मुळीच नको. अनेक पारदर्शक बॉक्स ०१-८०-सी२ ने सुरू होणाऱ्या राखीव पत्त्यांवरच्या फ्रेम पुढे सोडत नाहीत. म्हणून दोन स्विचांना एकमेकांचे बीपीडीयू एरवी दिसत नाहीत आणि गार्ड शांत बसतो. बायपास लागताच पहिला बीपीडीयू थेट येतो, गार्ड पोर्ट बंद करतो आणि तो हाताने उघडेपर्यंत लाइन मेलेलीच राहते. दुव्यांची एलएसीपीने मोळी बांधली असेल, तर त्याच्या फ्रेमही याच राखीव पत्त्यांत येतात. बॉक्स त्या सोडतो का, ते वेगळं तपासा.

फायबरवर: डीबीचा हिशेब

फायबरच्या बायपासमध्ये बॉक्सचे लेझर बाजूला पडतात आणि एका शेजाऱ्याचा प्रकाश सरळ दुसऱ्यापर्यंत जातो. म्हणून दोघांचे एसएफपी (फायबर लावायचे मॉड्यूल) एकाच जातीचे हवेत: सिंगल मोडला सिंगल मोड, तीच तरंगलांबी, तोच स्पीड. राउटरकडे १३१० नॅनोमीटरचं एलआर (लांब पल्ल्याचं) आणि स्विचकडे ८५० नॅनोमीटरचं एसआर (जवळच्या पल्ल्याचं), अशी जोडी बॉक्स असेपर्यंत सुखाने नांदते. बायपासमध्ये ती बोलूच शकत नाही. एका तंतूवर चालणाऱ्या बायडाय एसएफपीची टोकं एकमेकांना पूरक असावी लागतात, तेही पाहा.

मग हिशेब. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि वाटेतली घट डीबीमध्ये. १०जीबेस-एलआरची कमीत कमी पाठवणी उणे ८.२ डीबीएम आणि घेण्याची सीमा उणे १४.४ डीबीएम, म्हणजे खर्चायला ६.२ डीबी. समजा दोन्ही तुकडे मिळून ४ किलोमीटर सिंगल मोड आहे. दर किलोमीटरला ०.४ डीबी धरले तर १.६ झाले. कनेक्टरांच्या सहा जोडण्या, प्रत्येकी ०.५ प्रमाणे ३.०. बायपासच्या ऑप्टिकल स्विचचा इन्सर्शन लॉस (तो मध्ये बसवल्याने होणारी घट) १.५ धरला तर बेरीज ६.१. कागदावर बसलं, पण शिल्लक फक्त ०.१ डीबी. एका कनेक्टरवर मकरपुऱ्याची धूळ बसली की संपलं. निदान २ डीबी शिल्लक राहील असं पाहा. त्यासाठी जोडण्या कमी करा किंवा बायपास बॉक्स कमी लॉसचा घ्या. १०जीबेस-एसआरमध्ये तर ओएम३ दर्जाच्या मल्टिमोड फायबरवर ३०० मीटरला जेमतेम २.६ डीबी मिळतात. तिथे लांब धावेवर बायपासचा स्विच बसणारच नाही.

चाचणीच्या वेळी एसएफपीने दाखवलेला आरएक्स पॉवरचा (पोहोचलेल्या प्रकाशाचा) आकडा बायपासमध्ये वाचून लिहून ठेवा. पुढे लाइन अडखळली तर तुलनेला तोच कामी येतो. पाठवणारा तंतू पलीकडच्या घेणाऱ्याला लागतोय ना, हे बायपासच्या स्थितीतही पाहिलं पाहिजे. बॉक्स मध्ये असताना उलटसुलट झालेली जोडी लपून राहते.

खरेदी करताना एक प्रश्न जरूर विचारा: वीज गेल्यावर ऑप्टिकल स्विच कुठल्या स्थितीत जातो? लॅचिंग प्रकारचा स्विच वीज जाण्यापूर्वी जिथे होता तिथेच चिकटून राहतो. तो बॉक्सच्या बाजूला असेल आणि बॉक्सही त्याच विजेवर असेल, तर दोघेही मेले आणि दुवाही मेला. वीज गेली की स्वतः बायपासवर पडणारा स्विच हवा. तसं माहितीपत्रकात लेखी असू द्या.

कार्ड, बाहेरचा बायपास की हाताने

बॉक्समध्येच बसणारं बायपास कार्ड स्वस्त पडतं. पण बॉक्सची दुरुस्ती करायला तो रॅकमधून काढावा लागतो आणि कार्डही त्याच्याबरोबर जातं. कार्डात तीन स्थिती वेगवेगळ्या लावायच्या असतात: वीज नसताना, बॉक्स सुरू होत असताना आणि सॉफ्टवेअर अडकलं तर. तिसरीसाठी वॉचडॉग असतो. त्याला ठरावीक वेळाने ‘मी जिवंत आहे’ असा इशारा मिळाला नाही की तो बायपास लावतो. हा इशारा पॅकेट पुढे सरकवणाऱ्या प्रक्रियेनेच दिला पाहिजे. वेगळी छोटी स्क्रिप्ट वेळापत्रकाने इशारा देत राहिली, तर मुख्य इंजिन मेलं तरी वॉचडॉगला सगळं ठीकच वाटेल.

आमची पसंती बाहेरच्या बायपास स्विचला आहे. त्याला चार पोर्ट असतात, दोन शेजाऱ्यांकडे आणि दोन बॉक्सकडे. तो बॉक्सच्या एका बाजूने हार्टबीट पॅकेट सोडतो आणि दुसऱ्या बाजूने ते परत येतं का ते पाहतो. दर १०० मिलिसेकंदाला एक आणि सलग तीन चुकल्यावर बायपास, असं लावलं तर ०.३ सेकंदात निर्णय होतो. भर लोडवर बॉक्सला पॅकेट सोडायला उशीर होत असेल, तर उगाचच बायपास लागत राहील. अशा वेळी किती हार्टबीट चुकल्यावर बायपास लागावा ती संख्या वाढवा. हार्टबीट दोन्ही दिशांना सोडा, कारण बॉक्स एका दिशेने अडकून दुसरीकडे चालू राहू शकतो. तपासणी करणारं इंजिन अनोळखी प्रकारच्या फ्रेम टाकून देत असेल, तर हार्टबीटला परवानगीचा नियम आधी घाला.

छोट्या ऑफिसला यातलं काहीच परवडत नसेल तर हाताचा बायपासही चांगला. लाल रंगाची तयार पॅच कॉर्ड रॅकच्या दाराला आतून बांधून ठेवा, स्विच आणि राउटरच्या पोर्टांवर ठळक आकडे चिकटवा. शेजारी चार ओळींची चिठ्ठी लावा: कुठली केबल काढायची, लाल केबल कुठून कुठे लावायची, कुणाला फोन करायचा. रात्रपाळीचा माणूस गुजराती वाचणारा असेल तर चिठ्ठी गुजरातीतच लिहा.

तुटलेली बाजू दुसऱ्याला कळली पाहिजे

बॉक्स जिवंत असतानाही एक खोड राहते. इंटरनेटच्या बाजूची केबल तुटली, पण बॉक्सने स्विचकडचा दिवा चालूच ठेवला, तर स्विचकडच्या उपकरणाला काही कळत नाही. दुसरी लाइन तयार असूनही ट्रॅफिक मेलेल्या वाटेनेच जात राहतं. राउटरांमध्ये वाटा ठरवणाऱ्या प्रोटोकॉलपैकी ओएसपीएफला शेजारी गेल्याचं कळायला नेहमीच्या सेटिंगवर ४० सेकंद लागतात, बीजीपीला होल्ड टाइमप्रमाणे ९० किंवा १८०. म्हणून बॉक्समधलं किंवा बायपास स्विचमधलं ‘एक पोर्ट पडला की दुसराही पाड’ हे सेटिंग चालू करा. नावं वेगवेगळी असतात, लिंक स्टेट किंवा लिंक फॉल्ट प्रोपगेशन शोधा.

गेटवे फायरवॉल असेल तर

इथे बायपासऐवजी जोडी लागते. व्हीआरआरपीमध्ये दोन उपकरणं एक आभासी पत्ता वाटून घेतात. मुख्य उपकरण दर सेकंदाला २२४.०.०.१८ वर घोषणा पाठवतं. प्राधान्य १०० असलेला राखीव ३ सेकंद अधिक १५६ भागिले २५६, म्हणजे सुमारे ३.६ सेकंद वाट पाहून कारभार हाती घेतो. मधल्या स्विचने ही मल्टिकास्ट (गटाला पाठवलेली) घोषणा अडवली तर दोघेही स्वतःला मुख्य समजतात. चालू जोडण्यांची यादी दोघांत सतत समक्रमित होत नसेल, तर पत्ता हलला तरी जुनी सगळी सत्रं तुटतात.

या जोडीतल्या कुठल्याही उपकरणात बायपास कार्ड असेल तर ते बंदच हवं. राखीव फायरवॉलची वीज गेली आणि त्याचा रिले पडला, तर मुख्य फायरवॉल नीट चालत असतानाच त्याच्या बगलेतून आतलं आणि बाहेरचं नेटवर्क थेट जोडलं जातं. ब्रिज मोडच्या जोडीत याच कारणाने लूप तयार होतो आणि ब्रॉडकास्टच्या भडिमाराने सगळे स्विच गुदमरतात.

वीज आणि जागा

बायपास स्विच आणि बॉक्स एकाच यूपीएसवर ठेवू नका. दोन पॉवर सप्लाय असतील तर एक यूपीएसवर, दुसरा वेगळ्या फेजवर. राउटर, स्विच आणि इंटरनेट कंपनीचा कन्व्हर्टर यूपीएसवर हवेतच, नाहीतर बायपासने जोडायला दुसरं टोकच उरत नाही. बडोद्यात रॅक तळमजल्यावर ठेवणं जोखमीचं आहे. ऑगस्ट २०२४ अखेरच्या पुरात विश्वामित्रीचं पाणी शहराच्या अनेक भागांत शिरलं. रॅक पहिल्या मजल्यावर न्या, ते जमत नसेल तर भिंतीवर उंच बसवा. पोटमाळ्यावरचं बंद कपाट मात्र नको. अनेक छोट्या फायरवॉलची मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते आणि मे महिन्यात बाहेरचीच हवा तेवढी तापते.

सराव

बसवल्यावर आणि नंतर दर सहा महिन्यांनी, पिंग चालू ठेवून या गोष्टी करा: बॉक्सची विजेची वायर खेचा, सॉफ्टवेअरमधून रीस्टार्ट द्या, पॅकेट पाहणारी प्रक्रिया मुद्दाम अडकवा, एकेका बाजूची केबल काढा, बायपास स्विचची वीज काढा. प्रत्येक वेळी लाइन किती सेकंद गेली ते लिहा. परत येतानाचीही वेळ मोजा, कारण बायपास सुटतानाही लिंक नव्याने जुळते आणि तीच खोट दुसऱ्यांदा बसते. म्हणून परतणं आपोआप ठेवू नका, किंवा बॉक्स सलग दहा मिनिटं नीट चालल्यावरच परतेल असं लावा. नाहीतर अर्धमेला बॉक्स दर मिनिटाला लाइन हलवत राहतो.

बायपास लागला की लाइन चालू असल्यामुळे कुणाची तक्रार येत नाही, आणि तपासणीशिवायचं ट्रॅफिक आठवडाभर तसंच वाहू शकतं. म्हणून बायपास स्विचचा अलार्म बॉक्सवर अवलंबून नसलेल्या वाटेने आला पाहिजे. एसएनएमपी ट्रॅप किंवा सिसलॉग (उपकरणं स्वतः पाठवतात ते इशारे आणि नोंदी) स्विचच्या मॅनेजमेंट व्हीलॅनवर घ्या, शक्य तिथे जीएसएम मोडेमवरून एसएमएस पाठवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि बायपासच्या काळात बॉक्सकडे लॉगच नसतात. ती पोकळी भरायला राउटर आणि स्विचचे लॉग वेगळ्या सर्व्हरवर साठवा, सगळ्यांची घड्याळं एनटीपीने जुळवा आणि बायपास लागल्याची व सुटल्याची वेळ, कारण व कुणी पाहिलं हे एका वहीत नोंदवा. चार तासांत बॉक्स परत आला नाही तर दुवा उघडाच ठेवायचा की बंद करायचा, हे कोण ठरवणार त्याचं नाव आणि फोन नंबर त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.